हरवलेला हशा : ‘द ओल्ड डार्क हाउस’ची नवी प्रत

जेवणाच्या टेबलावर घरमालक पाहुण्यापुढे बटाट्यांचं भांडं करतो आणि एक बटाटा घ्या म्हणतो. प्रसंग एवढाच. पण घरमालकाच्या भूमिकेत अर्नेस्ट थेसिजर आहे. हाडं मोजून घ्यावीत असा चेहरा, आकाशाकडे वळलेलं नाक, आणि समोरच्या माणसाने जन्म घेऊन चूकच केली आहे असा सूर. बाहेर वादळाने डोंगर खचतो आहे, वरच्या मजल्यावर कुणीतरी कोंडलेलं आहे, नोकर दारू पिऊन बेफाम व्हायच्या बेतात आहे, आणि हा गृहस्थ बटाट्याचा आग्रह फाशीची शिक्षा सुनावल्यासारखा करतो. १९३२ सालच्या ‘द ओल्ड डार्क हाउस’चे चाहते या एका बटाट्यावर तासभर बोलू शकतात.

या विनोदाची गंमत शब्दांत नाहीच. ती थेसिजरच्या नाकपुडीत आहे, भुवईत आहे, भांडं पुढे करताना किंचित मागे ओढलेल्या मानेत आहे. आणि कित्येक वर्षं हा सिनेमा ज्या प्रतींतून पाहिला गेला, त्यांत नाकपुडी दिसत नव्हती. चेहऱ्याच्या जागी एक करडा ठिपका हलायचा आणि त्यातून आवाज यायचा. २०१७ साली कोहेन फिल्म कलेक्शनने सिनेमाचं ४के रिस्टोरेशन केलं, त्या वर्षीच्या व्हेनिस महोत्सवात ते जुन्या अभिजात चित्रपटांच्या विभागात दाखवलं गेलं, आणि ऑक्टोबरात ब्लू-रे निघाली. भयपटाची प्रत सुधारली की तो जास्त भीतिदायक होईल असं आपण गृहीत धरतो. इथे उलटं झालं. सिनेमा जास्त विनोदी झाला.

गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटेल, कारण नंतर ती शेकडो वेळा वापरली गेली. वेल्सच्या डोंगरात रात्रीच्या वादळात गाडी अडकते. आत एक भांडकुदळ जोडपं आणि मागच्या सीटवर एक टवाळ मित्र. जवळ दिसेल त्या एकमेव घराचं दार ते ठोठावतात. घर आहे फेम कुटुंबाचं. होरेस फेम भित्रा, त्याची बहीण रेबेका बहिरी, कडवी आणि धर्मवेडी. दारावर मुका, दांडगा नोकर मॉर्गन. थोड्या वेळाने आणखी दोन पाहुणे येतात, एक श्रीमंत कारखानदार आणि त्याच्याबरोबरची नाचणारी मुलगी. वर अंथरुणाला खिळलेला १०२ वर्षांचा बाप, आणि त्याच्याही वर, कुलूपबंद खोलीत, थोरला भाऊ सॉल. सगळं मिळून ७२ मिनिटं. १९७५ च्या ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’मधलं पावसात गाडी बंद पडलेलं जोडपं याच वाटेने आलेलं आहे. आपल्याकडची ‘वादळी रात्र, जुनी हवेली’ हीदेखील याच खानदानातली लांबची नातलग.

मूळ कादंबरी जे. बी. प्रीस्टलींची, ‘बिनायटेड’, १९२७ सालची. ती हसवणारी कादंबरी नव्हे. प्रीस्टली पहिल्या महायुद्धात लढून आले होते, आणि कादंबरीतल्या वाट चुकलेल्या माणसांच्या डोक्यात त्या युद्धानंतरचं रिकामपण आहे. दिग्दर्शक जेम्स व्हेलही त्याच युद्धातला. तो १९१७ मध्ये जर्मनांच्या हाती सापडला आणि युद्धकैद्यांच्या छावणीत नाटकं बसवायला शिकला. ‘जर्नीज एंड’ या खंदकातल्या सैनिकांवरच्या नाटकाने त्याला लंडनमध्ये नाव दिलं, त्या नावावर तो हॉलिवूडला पोहोचला, आणि १९३१ मध्ये युनिव्हर्सलसाठी त्याने ‘फ्रँकेन्स्टाइन’ केला. स्टुडिओला पुढचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ हवा होता. व्हेलने त्यांना हे विचित्र, चावट, इंग्रजी जेवणाचं टेबल दिलं.

भीती आणि हसू एका ताटात वाढणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला फार समजवायला नको. ‘झपाटलेला’ पाहताना तात्या विंचूला घाबरायचं की हसायचं हे ज्यांना लहानपणी ठरवता आलं नाही, त्यांना हा प्रकार अंगवळणी पडलेला आहे. फरक असा की व्हेल गंमत वेगळी काढून दाखवत नाही. त्याच्याकडे ‘आता विनोदी प्रवेश, आता भीतीचा’ अशी वाटणी नसते. होरेस बहिणीने मांडायला आणलेली फुलं हातात घेतो, बहीण ती लावणारच होती असं सभ्यपणे सांगतो, आणि फुलं शेकोटीत फेकून देतो. यावर हसायचं की दचकायचं? दिवे लुकलुकायला लागतात तेव्हा तो खुलासा करतो की वीज आम्ही घरीच तयार करतो आणि ते काम आम्हाला फारसं जमत नाही. भारनियमनात वाढलेल्या माणसाला हा विनोद आपला वाटेल.

जाहिरातीत मात्र मोठं नाव होतं बोरिस कार्लोफचं. ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे नाव नव्हतं, नुसतं प्रश्नचिन्ह होतं. वर्षभरात परिस्थिती इतकी पालटली की ‘द ओल्ड डार्क हाउस’च्या सुरुवातीला निर्मात्याने पाटी लावली आहे : वेड्या बटलरचं काम करणारा कार्लोफ हा तोच, राक्षस साकारणारा कार्लोफ, वाद नकोत म्हणून आधीच सांगतो. आणि एवढं सांगून त्याला भूमिका दिली मुक्याची. या कार्लोफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. वडील ब्रिटिश हिंदुस्थानच्या मीठ खात्यातले नोकर. आणि त्याच्या आजीची बहीण म्हणजे सयामच्या राजवाड्यात शिक्षिका म्हणून गेलेली, पुढे ‘द किंग अँड आय’मुळे जगभर माहीत झालेली अॅना लिओनोवेन्स. तिचा जन्म आपल्या अहमदनगरचा, १८३१ चा. आपण वेल्समध्ये जन्मलो असं ती आयुष्यभर सांगत राहिली, पण संशोधकांनी नगर शोधून काढलंच. वेल्सच्या खोट्या घरात वावरणाऱ्या कार्लोफकडे पाहताना हे आठवलं की मजा येते.

हा सिनेमा अमेरिकेत फार चालला नाही. ब्रिटनमध्ये बरा चालला. मग तो हळूहळू विस्मरणात गेला, आणि पुढे तो नाहीसाच झाला. नाहीसा होण्याचं कारण आग नव्हे, पूर नव्हे, तर कागद. कादंबरीचे चित्रपटहक्क युनिव्हर्सलच्या हातून गेले. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन टीव्हीवर जुन्या भयपटांचा सुकाळ झाला, ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ला नवी पिढी मिळाली. त्या पंगतीत हा सिनेमा नव्हता. नंतर कोलंबियासाठी विल्यम कॅसलने त्याच नावाचा नवा सिनेमा केला, तो १९६३ मध्ये आला. आता जुन्या सिनेमाची प्रत सांभाळण्यात कुणाचाच पैशाचा फायदा उरला नाही. ज्याच्याकडे रिळं होती त्याला दाखवायचा हक्क नव्हता, आणि ज्याच्याकडे हक्क होते त्याला जुनी रिळं नको होती. लोक गृहीत धरून चालले की सिनेमा गेला.

त्या काळची फिल्म नायट्रेटची. साधारण १९५० पर्यंत व्यावसायिक सिनेमा याच पट्टीवर चालायचा. नायट्रेट पेटलं की पाण्याखालीही जळत राहतं, आणि पेटलं नाही तरी डब्यात पडून आपोआप कुजतं. आधी चिकट होतं, मग फुगतं, शेवटी तपकिरी भुकटी. म्हणजे ‘गोदामात आहे कुठेतरी’ हे वाक्य नायट्रेटच्या बाबतीत दिलासा नसून मुदत असते.

कर्टिस हॅरिंग्टन हा तरुण दिग्दर्शक व्हेलचा मित्र. व्हेलने १९५७ मध्ये स्वतःच्या घरच्या तलावात जीव दिला. त्यानंतर हॅरिंग्टन युनिव्हर्सलमध्ये काम करायला लागला आणि तिथल्या लोकांमागे लागला : तो सिनेमा शोधा. नाही म्हटलं की पुन्हा विचारायचं. १९६८ मध्ये अखेर डबे सापडले. पहिलं रीळ जवळजवळ हातातून गेलं होतं. पण आता नवी अडचण : नवी निगेटिव्ह काढायची तर खर्च कोण करणार? ज्या सिनेमातून दमडी मिळणार नाही त्यावर स्टुडिओ पैसे का घालेल? हॅरिंग्टनने रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउस या संग्रहालयाला गळ घातली आणि त्यांनी पैशाची सोय केली. आज आपण जो सिनेमा पाहतो तो एका माणसाच्या चिकाटीचा आणि एका संग्रहालयाच्या उदारपणाचा परिणाम आहे. ‘अभिजात कलाकृती काळाच्या कसोटीवर टिकतात’ वगैरे बोलणाऱ्यांनी ही कसोटी कशी असते ते एकदा पाहावं. काळ काही घेत नव्हता, काही टिकवत नव्हता. गोदामाची किल्ली कुणाकडे आहे, एवढाच प्रश्न होता.

म्हणजे सिनेमा वाचला, पण दिसायला लागला असं नाही. इथे प्रतींचं गणित समजून घ्यावं लागतं. मूळ निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह काढायची, तिच्यावरून दुसरी निगेटिव्ह, तिच्यावरून प्रिंट, प्रिंटवरून लहान मापाची प्रिंट, त्यावरून व्हिडिओ टेप. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की काय होतं ते प्रत्येक कॉलेजात माहीत असतं. काळं अधिक काळं होतं, पांढरं अधिक पांढरं, आणि मधलं सगळं मरतं. दिवसाउजेडी घडणाऱ्या सिनेमाला यातून फारशी इजा होत नाही. पण हा सिनेमा जवळजवळ संपूर्ण रात्री, शेकोटीच्या आणि मेणबत्तीच्या उजेडात घडतो. त्याचं सगळं भांडवल त्या मधल्या छटांत आहे. कॅमेरामन आर्थर एडेसन, ज्याने पुढे ‘कासाब्लांका’ चित्रित केला, त्याने अंधाराला पाच-सहा जाती दिल्या आहेत : लाकडाचा काळा, ओल्या कोटाचा काळा, चिमणीतल्या काजळीचा काळा, उघड्या दाराआडचा काळा. जुन्या व्हीएचएसवर आणि नंतरच्या डीव्हीडीवर त्या साऱ्यांची मिळून एकच चिखलासारखी लादी झाली होती. काही रसिक त्या चिखलालाच ‘वातावरण’ म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही. पत्र भिजून वाचता येईनासं झालं, तर त्याला गूढ साहित्य म्हणत नाहीत.

आता ब्लू-रे लावा. पहिलाच प्रवेश, गाडीतला. हॅटवरून ओघळणारं पाणी फिलिपच्या मानेवरून कॉलरमध्ये उतरतं, तो त्याबद्दल अगदी पुस्तकी सभ्यतेने कुरकुरतो. पाण्याची ती धार आता दिसते, आणि त्यामुळे कुरकुर विनोदी होते. पूर्वी नुसता कंटाळलेला आवाज होता.

मग रेबेकाची खोली. मार्गारेट ओले कपडे बदलून फिकट सॅटिनचा गाऊन घालते. भूमिका ग्लोरिया स्ट्युअर्टची, तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरची. पासष्ट वर्षांनी ‘टायटॅनिक’मध्ये म्हातारी रोझ झाली तीच. रेबेका तिला घरातल्या पापांचा इतिहास ऐकवते, गाऊनच्या कापडाला हात लावून सांगते की हेही कुजणार, मग तिच्या त्वचेला बोट लावून तेच सांगते. इव्हा मूरचा चेहरा सदोष आरशात वाकडातिकडा होत जातो. या प्रवेशात सगळा खेळ पोतांचा आहे, रेशीम, कातडी, सुरकुती, काच. प्रत जितकी स्वच्छ, तितका तो स्पर्श अंगावर येतो. सिनेमात खरी भीती वाढली असेल तर ती इथे, आणि तीही घाण वाटण्याच्या जातीची.

वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बापाचं गुपित मात्र या प्रतीने फोडून टाकलं आहे. श्रेयनामावलीत नट म्हणून ‘जॉन डजन’ असं नाव येतं. प्रत्यक्षात ती एल्स्पेथ डजन नावाची अभिनेत्री. १०२ वर्षांचा दिसेल असा पुरुष मिळेना म्हणून व्हेलने बाईला दाढी लावली, असं सांगतात. आता दाढीचे विरळ, चिकटवलेले केस दिसतात, आवाज आणि चेहरा यांचा सांधा दिसतो. यात काही बिघडलं असं मला वाटत नाही. उलट व्हेलचा मिश्कीलपणा इथे उघडा पडतो. तो समलिंगी होता, हॉलिवूडमध्ये ते त्याने फारसं लपवलंही नाही, आणि स्त्री-पुरुषांच्या ठरलेल्या सोंगांकडे पाहून हसणं हा त्याच्या सिनेमांचा स्थायीभाव आहे. थेसिजरचा होरेस त्याच हसण्यातून आलेला. अंधुक प्रतीत ही थट्टा विक्षिप्तपणासारखी भासायची. आता ती थट्टा म्हणून ओळखू येते.

आणि सॉल. कुलूप उघडतं तेव्हा बाहेर येतो एक लहानखुरा, केविलवाणा म्हातारा. हात जोडून सांगतो की मी वेडा नाही, त्यांनीच मला कोंडलंय. समोरचा माणूस क्षणभर नजर वळवतो, आणि ब्रेम्बर विल्सचा चेहरा बदलतो. फक्त बदलतो. आवाज नाही, संगीत नाही. एकूण सिनेमातच पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, वादळच वाजत राहतं. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी सरकतं आणि तुम्हाला कळतं की रात्र आता कुठे सुरू झाली आहे. हा बदल दिसायला जेवढे बारकावे लागतात, तेवढे मला तरी जुन्या प्रतींत कधी सापडले नाहीत.

तक्रारी आहेतच. जिथे एक दृश्य विरघळून दुसरं येतं, तिथली चित्रं मऊ पडतात, कारण असे जोड मुळातच एक प्रत जास्त काढून बनवले जायचे. काही ओरखडे राहिले आहेत. मूळ ध्वनीची खरखर पूर्ण गेलेली नाही, वादळाच्या गोंधळात एखादा शब्द निसटतो. पण या तक्रारींपैकी बहुतेकींना मी कामाची पावती समजतो. एक लाखाहून जास्त चौकटींतून ओरखडे पुसायचे म्हटल्यावर यंत्राला मोकळं सोडायचा मोह होतो. यंत्राला फिल्मचा दाणा आणि धूळ यांतला फरक नेहमीच कळतो असं नाही, मग चेहरे मेणाचे होतात. ‘प्रीडेटर’ची २०१० सालची ब्लू-रे या बाबतीत कुप्रसिद्ध आहे, त्यात अरनॉल्ड श्वार्झनेगर मादाम तुसाँच्या संग्रहालयातून थेट जंगलात आल्यासारखा दिसतो. थेसिजरचा चेहरा तसा गुळगुळीत केला असता, तर बटाटा पुन्हा नुसता बटाटा झाला असता. इथे दाणा शाबूत ठेवला आहे, आणि त्या दाण्यातच सुरकुत्या जिवंत आहेत.

चित्राची चौकट जवळजवळ चौकोनी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणार. फोनवर पाहत असाल तर दोन बोटांनी चित्र ताणून पट्टे घालवायच्या भानगडीत पडू नका. वरून-खालून कापलं जाईल आणि व्हेलने छताच्या तुळया काय उगाच बांधून घेतल्या? रंग भडक करणारी सेटिंग बंद करा, खोलीतला दिवा घालवा. डिस्क मागवणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट : ब्लू-रेने जग ए, बी, सी अशा विभागांत वाटलं आहे आणि भारत सीमध्ये येतो. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये निघालेली डिस्क इथल्या प्लेअरवर चालेलच असं नाही, आधी तपासा. म्हणजे १९६३ साली कागदाने अडवलेला सिनेमा आज दुसऱ्या कागदाने अडू शकतो.

हे सगळं लिहिताना १९३२ हे साल मनात घोळत राहतं. त्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठीतला पहिला बोलपट, आणि तो आजही पाहता येतो. त्याच्या आदल्या वर्षीचा ‘आलम आरा’, भारतातला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज हाताशी नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये सुरू झालं, पी. के. नायर गावोगाव हिंडून रिळं गोळा करू लागले, तोवर बरंच काही कुजून, जळून किंवा चांदी काढायला विकून संपलं होतं. आणि जमवलेल्यातलंही पुष्कळ २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेटच्या कोठाराला लागलेल्या आगीत गेलं. हॅरिंग्टनला निदान विचारायला एक स्टुडिओ होता, जो नाही म्हणत असला तरी दार उघडत होता.

डिस्कवर मूळ सिनेमाखेरीज बरंच काही आहे. कार्लोफची मुलगी सारा हिची मुलाखत आहे. शोधाची हकिकत सांगणाऱ्या हॅरिंग्टनची जुनी मुलाखत आहे. तो २००७ मध्ये गेला, ही प्रत त्याने पाहिली नाही. व्हेलचे चरित्रकार जेम्स कर्टिस यांची ध्वनिफितीवरची टीका आहे. पण मी सुचवीन ती दुसरी, ग्लोरिया स्ट्युअर्टची. ती डीव्हीडीच्या काळात ध्वनिमुद्रित झालेली. म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज, आणि पडद्यावर तिचाच विशीतला चेहरा. बाकीचे सगळे चिखलात भिजून शेकोटीजवळ बसलेले असताना माझ्या एकटीच्या अंगावर हा पातळ, उंची गाऊन कशाला, असं तिने तेव्हा दिग्दर्शकाला विचारलं होतं. व्हेल म्हणाला, कार्लोफ तुझ्यामागे या दालनांतून धावणार आहे, आणि तेव्हा तू मला एका पांढऱ्या ज्योतीसारखी दिसायला हवी आहेस.

तो पाठलागाचा प्रवेश लावून पाहा. मॉर्गनच्या अवाढव्य सावलीपुढे ते सॅटिन खरोखरच पेटल्यासारखं दिसतं. त्यावर वर्षानुवर्षं हसणारी, अजून थोडी चकित झालेली ती म्हातारी कानात बोलत असते.